धाकट्याच्या नावावरची गाडी

कुवेत, गुरुवार, मार्च १९९८

साडेसात वर्षं रुमैथिया भागातल्या एका कुवेती घरात झाकून ठेवलेली आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी आज सुरू झाली. "इंजिन तरणंताठं झालं दादा, आता कागद काढा," आमच्या गॅरेजचा मेकॅनिक इब्राहिम म्हणाला. कागदच अडलाय. गाडी नव्वदच्या इराकी हल्ल्यात बेपत्ता झालेल्या धाकट्या मुलाच्या नावावर. रस्त्यावर आणायची तर तो वारल्याच्या अर्जावर आईची सही हवी. थोरल्या मुलानं आईच्या हातात पेन दिलं. "आजच करा, उद्या सुट्टी," हे मी कशाला बोललो? तिनं पेन खाली ठेवलं. मला म्हणाली, "तो येईल तेव्हा बॅटरी उतरलेली नको. दर आठवड्याला येऊन सुरू कर." थोरला माझ्याकडे रोखून बघत होता. मी हो म्हणून आलो.