बाबांच्या हातातली कानस

प्रिय अनया,

बाबांच्या हातातली कानस काढून घे, असं तू रविवारी फोनवर सांगितलंस. मी घेतलेली नाही. कारण ऐकायच्या आत तू फोन ठेवलास, म्हणून लिहावं लागतंय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो; लागू दे.

तो बैल तुझा आहे, हे मान्य. तू लहान असताना बाबांनी तो सागवानात कोरला. नागपूरला तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून ओढत नेतात, मग आपल्या अनूनं का नाही, असं म्हणून त्याला चाकं लावली आणि इथे ॲन आर्बरच्या ड्राइव्हवेवर तुझा पोळा झाला. पापण्या, नाकपुड्या, वशिंडावरच्या वळ्या, माळेतलं एकेक घुंगरू, त्यांनी काही सोडलं नव्हतं. इंजिनियर माणूस. तेच सगळं ते आता घासून टाकताहेत, हे व्हिडिओवर पाहून तू भडकलीस. मलाही वाटलं, विसरण्याच्या आजाराचाच हा भाग.

मग त्यांना चित्रं बघायला म्हणून लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. फ्रान्स्वा पॉम्पाँ नावाच्या फ्रेंच शिल्पकारावरचं. सुताराचा मुलगा. अर्धं आयुष्य दुसऱ्या शिल्पकारांचे संगमरवर घडवण्यात गेलं. नाव त्यांचं, हात याचा. स्वतःसाठी त्यानं प्राणी केले. गळ्यात एक फळी अडकवून तो चालत्या जनावराबरोबर चालायचा आणि चालता चालताच माती घडवायचा. आधी पिसं, केस, सुरकुत्या सगळं करायचा. मग एकेक काढत जायचा, नुसती चाल उरेपर्यंत. सदुसष्टाव्या वर्षी त्याचं पांढरं अस्वल पॅरिसच्या प्रदर्शनात उभं राहिलं, तेव्हा कुठे जगाला तो दिसला. बायको आदल्याच वर्षी गेली होती.

मी जन्मभर एक्स-रे वाचले. त्या अस्वलाच्या अंगावर एक केस कोरलेला नाही, पण पुढच्या पंजावर येणारं वजन मला खांद्यापर्यंत दिसलं.  त्या फोटोवर बोट ठेवलं. मग वर पाहिलं तर समोर बाबा, मांडीवर तुझा बैल, घुंगरं गेलेली, वळ्या गेलेल्या, आणि मान अशी खाली की गाडा ओढतोय हे सांगावं लागू नये. पुस्तक त्यांनी उघडलेलंही नव्हतं. मला उठून उभं राहावंसं वाटलं, आणि मी राहिले.

बैलासाठी मात्र मी एवढं लिहिलं नसतं. थँक्सगिव्हिंगचं तिकीट तू कॅन्सल केलंस. बाबा ओळखतच नाहीत, तिथे जाऊन कुणाला भेटू, असं तू नवऱ्याला, मिहीरला म्हणालीस, मला नाही. खरं आहे. तुझं नाव गेलंय, तुझी नोकरी, तुझं बेलव्ह्यूचं घर, सगळं गेलंय. माझंही नाव अधूनमधून जातं. काल त्यांनी बैल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ती पुढे धावायची ना, तिला दे. चाकं काढलीत. आता हा आपला आपण चालतो.” कोण ती, मी विचारलं. सांगता येईना. मग ते उठले, दोरी मागे धरली, उजवा खांदा खाली टाकला आणि हॉलभर धावून दाखवलं. अनया, ती तू होतीस. अजून तशीच चालतेस. तिकीट पुन्हा काढ.

तुझीच,
आई

इथे आलेला मिहीर येत्या रविवारी बेलव्ह्यूला परततोय. त्याच्याकडे दिलं: सागवानी बैल एक. चाकं चार, वेगळ्या पिशवीत. दोरी दिलेली नाही. बाबा सोडत नाहीत.