आठवी चाल : प्यादं खायचंच

४ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. माझी मुलगी बारकी उद्या मोठी खेळाडू झाली की लोक विचारणार, हे घडवलं कसं? तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.
संकल्प: रोज एक तास बारकीसोबत बुद्धिबळ. आवाज चढवायचा नाही. क्लबच्या सरांबद्दल घरात वाईट बोलायचं नाही.
बारकी पंधराची आहे. मार्चमध्ये निवड स्पर्धा, पहिल्या दोघी वरच्या संघात. दुसरी कोण, हे मला माहीत नाही.

५ जानेवारी
तिसरा संकल्प मोडला. चूक सरांची. त्यांनी बारकीला काळ्यासाठी कारो-कान नावाचा बचाव शिकवलाय. म्हणजे घराला आतून कडी लावून बसायचं आणि समोरची कंटाळली की अर्धा गुण उचलायचा. मी म्हटलं, हे बुद्धिबळ नाही, ही मुदत ठेव आहे. बारकी म्हणाली, मला आवडतं बाबा. बायको म्हणाली, तिला आवडतं. घरात दोन विरुद्ध एक. पण खेळ मतदानावर चालत नाही.

११ जानेवारी
निर्णय झाला. बारकी काळ्यानं सिसिलियन बचाव खेळणार, त्यातही 'विषारी प्यादं' हा फाटा. सातव्या चालीला काळ्याचा वजीर एकटा बाहेर पडतो आणि आठव्या चालीला पांढऱ्याच्या घरात घुसून बी-२ वरचं प्यादं खातो. पुस्तकं म्हणतात, जपून खा. पुस्तकं घाबरट माणसं लिहितात.
कॉलेजात असताना मी हेच खेळायचो. फायनलला हरलो ते ट्यूबलाइट फडफडत होती म्हणून. त्या डावाचं काहीतरी बाकी राहिलंय.

१९ जानेवारी, दुपारी, ऑफिस
सगळं मूव्ह ऑर्डरवर आहे. आधी उंट मग वजीर, की आधी वजीर मग उंट? चाली त्याच. पण क्रम चुकला की मात देण्याऐवजी मात खावी लागते. आठ दिवस ह्यावर घालवले. लिफ्टच्या तक्रारी येतात त्यांच्या कोऱ्या पाठीवर चालींचे फाटे लिहीत असतो, कागद चांगला असतो.
आज एका तक्रारीच्या पाठीवर तेवीस चाली लिहून कागद खिशात घातला. पुढच्या बाजूला काय होतं ते वाचायचं राहिलं. एक बाई तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या. मिस्त्री म्हणाला, साहेब, तुमचा वजीर सुटेपर्यंत त्या बाई सुटायच्या नाहीत. हे चार माणसांत म्हणाला. लिफ्ट दुरुस्तीत सुपरवायझरला मान राहिलेला नाही.

२० जानेवारी
ठरलं. आधी वजीर.

२ फेब्रुवारी
वही पूर्ण. चाळीस पानं, काळी शाई, मुख्य गोष्टी ठळक. पान सहा सगळ्यात महत्त्वाचं. तिथे चौकटीत लिहिलंय: आठवी चाल. पांढरा काहीही खेळो, प्यादं खायचंच.
'काहीही खेळो' हे मुद्दाम. पोरांना जास्त पर्याय दिले की ती विचार करत बसतात. शिवाय बारकीला सांगून ठेवलंय की पहिल्या बारा चाली पाच मिनिटांत संपल्या पाहिजेत. समोरचीला धडकी भरते.
बारकीनं विचारलं, मध्येच काही वेगळं वाटलं तर? मी म्हटलं, वाटून घ्यायचं नाही. वाटून घ्यायचं काम मी केलंय, चाळीस पानं.
आवाज थोडा चढला. पण विषयच तसा होता.

२३ फेब्रुवारी
बारकी पाठ करतेय. बोलत नाही, म्हणजे एकाग्रता आली. जेवताना तिनं भाजीत मीठ नसल्याचं सांगितलं नाही. मीसुद्धा तिच्या वयात असाच होतो. बायको म्हणते, तिच्या पोटात दुखतंय गेले आठ दिवस. आईला प्रत्येक गोष्ट पोटातच दिसते.

१५ मार्च, स्पर्धेचा पहिला दिवस
तीन पैकी तीन. दोनदा पांढरी होती, एकदा काळी. काळीला समोरच्या मुलीनं पहिल्याच चालीला राजापुढचं सोडून दुसरंच प्यादं ढकललं, त्यामुळे सिसिलियनची वेळच आली नाही. सर बारकीच्या पाठीवर थोपटून गेले. मी प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे उभा होतो. मला पाहून त्यांनी मान हलवली. मीही हलवली, पण कमी.

१६ मार्च, सकाळी ९
सहा पैकी साडेपाच. उद्या शेवटचा राऊंड आहे, बारकी काळी. समोर दोन वेण्यांची मुलगी, तिचे पाच. बारकीला नुसती बरोबरी पुरते.

१६ मार्च, संध्याकाळी
वर 'सकाळी ९' असं लिहिलं, तेव्हा तीनच राऊंड झाले होते. घाईत पुढचं लिहिलं गेलं. आता मात्र खरंच साडेपाच आहेत. माझा अंदाज असा असतो.
सर घरी आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, उद्या कारो-कान खेळू दे, अर्धा गुण घेऊ दे, पोर वर जाईल. मी म्हटलं, सर, माझी मुलगी भीक मागायला बसणार नाही. ते म्हणाले, भीक नाही हो, तिचा हक्काचा अर्धा गुण आहे. बारकी दारात उभी होती. सर गेल्यावर म्हणाली, बाबा, मी कारो-कान खेळू का?
मी फक्त वही तिच्यासमोर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासानं आत आलो तर ती पान सहा वाचत होती. जबरदस्ती काडीची केली नाही. तिनं स्वतः निवडलं.

१७ मार्च
हरली.
सात चाली वहीबरहुकूम झाल्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठव्या चालीला त्या वेण्यांच्या मुलीनं कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं, बस. बारकी थांबली. तिनं मान वर करून दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे. मी घड्याळाकडे बोट केलं. तिनं प्यादं खाल्लं. मग समोरचीचा घोडा कडेला जाऊन बसला आणि बारकीच्या वजिराला पटावर जायला एक घर उरलं नाही.
तरी एकोणतीस चाली खेळली. उठताना त्या मुलीशी नीट हात मिळवला. तिसरी आली.
परतताना बसमध्ये मी म्हटलं, होतं असं. ती म्हणाली, मला दिसलं होतं बाबा, घोडा येणार ते. मग खाल्लंस कशाला, असं मी विचारलं. त्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली. प्रश्न साधा होता.

१८ मार्च, ऑफिसला दांडी
वही तपासली. पान सहा. पांढऱ्याचं कडेचं प्यादं आधी सरकलं असेल तर बी-२ वरचं प्यादं खायचं नसतं, हे मला अर्थातच माहीत होतं. इतकं माहीत होतं की लिहायचं राहिलं. सर्वज्ञ माणसाकडून असं होतं.
चौकटीखाली थोडी जागा होती. अपुरी ओळ पूर्ण केली: 'कडेचं प्यादं सरकलं असल्यास खाऊ नये.' ह्यात लपवाछपवी नाही. पेन तेच, शाई तीच. मग अक्षर जुळणारच, त्याला मी काय करणार?

१९ मार्च
जेवण झाल्यावर विषय सहज निघाला. मी काढला. वही उघडून बायकोसमोर धरली, म्हटलं, बघ, स्पष्ट लिहिलं होतं, मुलीनं नीट वाचलं नाही. रागावलो नाही, समजावून सांगितलं. बारकीनं वही हातात घेतली आणि ते पान बराच वेळ पाहिलं. म्हणाली, हो, लिहिलंय. वही मिटून परत दिली.
चूक कबूल करणं ही मोठी गोष्ट आहे. मी तिला माफ केलं.

६ एप्रिल
बारकी पट काढत नाही. थकवा असेल. मी वहीचा दुसरा भाग सुरू केलाय.

२१ एप्रिल
बारकी क्लबला जाते म्हणे, गेले दोन आठवडे. सरांकडे. मला कोणी सांगितलं नाही. क्लबच्या फॉर्मवर पालक म्हणून बायकोची सही.
मी विचारलं, माझी सही का नाही? बायको भांडी पुसत होती. तिनं हातातलं ताट ठेवलं आणि म्हणाली, स्पर्धेला जाताना बसमध्ये वाचायला म्हणून पोरीनं तुमच्या सगळ्या पानांचे फोटो काढले होते. सहाव्या पानाचासुद्धा. त्यात ती खालची ओळ नाही. तुम्ही वही दाखवलीत त्याच दिवशी तिनं मला फोटो दाखवला. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.
मी म्हटलं, फोटोत सावली पडली असेल.
बायकोनं पुढचं ताट पुसायला घेतलं.

२२ एप्रिल
सावली पडू शकते. ऑफिसात मिस्त्रीच्या मोबाइलवर करून पाहिलं. पडली नाही. मोबाइल महागाचा होता.
एक मात्र खरं, बारकी मनानं मोठी आहे. माझ्यावर गेली.

१४ जून
वहीचा दुसरा भाग थांबवला. शाई संपली.

९ ऑगस्ट
आज क्लबची स्पर्धा होती. मला बोलावलं नव्हतं, पण त्या इमारतीची लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे आणि तिची तपासणी कधीतरी करायचीच होती. बॅग घेऊन गेलो. हॉलच्या दाराला काच आहे. बारकी काळी होती. कारो-कान. कडी लावून बसली होती, खांदे सैल, एक पाय चपलेतून बाहेर काढून. समोरचा मुलगा घामाघूम. घरी पटासमोर ती अशी बसलेली मला आठवत नाही.
चाल करून ती उठली, पाणी प्यायला बाहेर आली. मी दिसलो. घाबरली नाही, चिडली नाही. म्हणाली, बाबा, काही काम होतं का?
मी म्हटलं, लिफ्ट बघायला आलोय.
ती म्हणाली, लिफ्ट चालू आहे. आणि पाणी पिऊन आत गेली. दार आवाज न करता लावून घेतलं.
लिफ्ट खरोखरच चालू होती. चौथ्या मजल्यापर्यंत वर गेलो, खाली आलो. पुन्हा एकदा गेलो. रजिस्टरमध्ये नोंद केली: तपासणी केली, दोष आढळला नाही. खाली सही केली.