डावा आरसा माझ्याकडं होता

२ नोव्हेंबर, रविवार

आज शांताकडं एका चपलेवर पोचले.

शांता माझी धाकटी बहीण. चिक्कडपल्लीला तिसऱ्या मजल्यावर राहते, गुडघ्यानं जिना उतरत नाही, म्हणून दर रविवारी मीच जाते. प्राची, माझी नात (पुढं नुसतं प्रा. लिहिते), मोटरसायकलवर नेते. स्कूटी नाही, टाकीवाली मोटरसायकल. तारनाक्याहून निघालं की अर्ध्या तासात पोचतो, गप्पा धरून.

आज बाजाराच्या गल्लीत डावीकडं वळताना एक स्कूटरवाला आधीपासूनच आमच्या डाव्या अंगाला होता. प्रा.ला दिसलाच नाही. मी साडीवर एका बाजूनं बसते, पाय डावीकडं, त्यामुळं त्याचं हँडल माझ्या पोटरीला लागलं. कोणी पडलं नाही. चप्पल गेली, तिच्यावरून बस गेली. स्कूटरवाला भला माणूस. नुसतं म्हणला, "चूसुकोनि नडपम्मा." बघून चालव म्हणे.

मला तो कधीचा दिसत होता. निळा शर्ट, पुढं पालकाची पिशवी. मला वाटलं, तिलाही दिसतोय.

शांतानं हळद लावली आणि तासभर हसली. तिच्याकडं वालाच्या शेंगा होत्या, कोवळ्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

कुणाला सांगायचं नाही असं जिन्यातच ठरलं होतं. प्रा.नं जेवताना स्वतःच बापाला सांगितलं. खोटं तिला पचत नाही, पोट दुखतं.

मिलिंद, माझा मुलगा, रेल्वेत सिग्नलचं काम करतो. घरीही तेच. लाल नाहीतर हिरवा, पिवळा दिवा त्याच्याकडं नाही.

"आरशात बघितलं नव्हतंस?"

"बघितलं, पप्पा. आरशात नव्हता तो."

"आरशात नव्हता, रस्त्यावर होता. माझ्या मायच्या पायाला लागला."

किल्ली घेतली, शर्टाच्या खिशात टाकली. म्हणला, येत्या रविवारी मी गाडीभोवती फिरणार. तू सीटवर बसायचं. मी कुठं उभा आहे ते तुला कळलं नाही, तर गाडी विकायची. सुनीता, माझी सून, म्हणली आधी भात वाढून घ्या, गार होतोय.

गाडी गेली तर प्रा.ची सकाळची ड्यूटी अवघड. नारायणगुड्याला लॅबमध्ये साडेसहाला रक्त घ्यायला उभं राहावं लागतं, उपाशी माणसं तिच्या आधी येऊन बसलेली असतात. आणि माझा रविवार जाईल. तेही लिहून ठेवते, नाहीतर वाटेल मी फक्त तिच्यासाठीच रडते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रा. पावणेसहाला बसनं गेली. संध्याकाळी म्हणली, एक बाई माझ्या डब्यावर बसली आणि तारनाका येईपर्यंत उठली नाही.

गाडी खाली उभी. सीटवर मांजर.

ही डायरी तिच्या लॅबची. पानापानावर साखरेच्या गोळ्यांची जाहिरात. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं लग्नच झालं. अक्षर मोठं येतं म्हणून एका दिवसाला दोन दिवसांची जागा लागते. कुणाला काय करायचंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज लई मजा आली. गुडघे दुखतायत, पण लिहूनच झोपते.

प्रा.नं मोबाइलमध्ये बघितलं होतं. आरशात जी जागा दिसत नाही तिला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. मी आंधळी जागा म्हणते. ती शोधायची कशी, तर एकानं गाडीवर बसायचं, हेल्मेट घालून, मान न हलवता, नुसते डोळे आरशाकडं. दुसऱ्यानं मागून गोल फिरायचं. दुसरी मी.

"आहेस. आहेस. आहेस. गेलीस."

गेलीस म्हणली की मी तिथं चिमूटभर मुग्गू सोडायची. रांगोळीला इथं सगळे मुग्गूच म्हणतात, आता मलाही रांगोळी म्हणायला जड जातं. उजव्या बाजूला कलिंगडाच्या फोडीएवढी जागा निघाली. डाव्या बाजूला चालतच गेले, चालतच गेले, तरी ती आपली "नाहीस". अर्धी गल्ली पांढरी झाली.

शेजारची पद्मम्मा बाहेर आली. "इदेम मुग्गू, अम्मा?" हा कसला मुग्गू म्हणे. मी म्हणलं, ट्रॅफिकचा. तिलाही बरोबर घेतलं. दोघी जाड बाया त्या बाजूला हात हलवत उभ्या, आणि आमच्या पोरीला एकही दिसेना.

मग दमून मागच्या सीटवर बसले, तर प्रा. म्हणली, "आता दिसलीस. चष्मा खाली आलाय तुझा."

डावा आरसा माझ्याकडं फिरवलेला होता. सगळा. रस्ता नाहीच त्यात. माझं तोंड आणि थोडं आभाळ.

"हा कुणी वळवला?"

"मी. उन्हाळ्यात तू विद्यानगरच्या पुलावर डुलकी घेतलीस, आठवतं? तेव्हापासून वळवलाय. तू पडलीस तर मला कळायला नको?"

मला इतके महिने वाटत होतं, बोलताना मला तिचं तोंड दिसावं म्हणून तो तसा आहे. मी सिग्नलला त्यात बघून चष्मा नीट करायची, दातात काही अडकलंय का बघायची. तिला मी दिसावी म्हणून मागचा माणूस दिसेनासा झाला, आणि तो येऊन धडकला तो मलाच.

म्हणलं, मिलिंदला सांगू नको. पोट दुखणार तिचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या युसुफभाईकडं नेली. किल्ली नाही ना. युसुफभाई मेकॅनिक, माझ्याच वयाचे, दाढीला मेंदी. प्रा.नं त्यांना मुग्गूचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, खूप वेळ बघितलं.

"गाडी साइड स्टँड पे थी?"

"हौ."

"तो पूरा मुग्गू तिरछा है, अम्मा. गाडी झुक को खडी, आईने भी झुक को देख रे."

म्हणजे आमची बुधवारची सगळी मेहनत वाकडी. गाडी चालताना सरळ असते, मग आरसाही सरळ गाडीवर बसवायचा. एवढं साधं आम्हा तिघींच्या डोक्यात आलं नाही. पद्मम्माचा मुलगा तर इंजिनियर आहे.

त्यांनी हँडल धरून गाडी सरळ उभी केली, प्रा.ला चालवताना बसते तशी बसवलं. आरशाच्या कडेला कोपराचा एवढासा तुकडा दिसायला पाहिजे, बाकी सगळा रस्ता. लांबचा रस्ता आरशाच्या मधोमध. डाव्या आरशाचा नट ढिला होता, तोही घट्ट केला.

मी विचारलं, "और मैं किदर दिखती?"

"तुम पीछे बैठे हैं ना अम्मा. कहाँ जाते तुम?"

मग मला मागं बसवलं, तर गाडी मागून दबली आणि आरशात लांबचा रस्ता जाऊन जवळची जमीन आली. "हौ, वजन है," म्हणले. म्हणजे रविवारचे आरसे वेगळे आणि ड्यूटीचे वेगळे. प्रा.नं आरशाच्या दांड्यावर नेलपॉलिशच्या दोन रेघा मारल्या. लाल रेघ एकटीची, गुलाबी माझी.

एवढं करूनही थोडी आंधळी जागा राहतेच म्हणले. तिला मान वळवून खांद्यावरून बघायचं, दुसरा इलाज नाही. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या बायकोला बीपी आहे, तिला प्रा.च्या लॅबमध्ये आणायचं ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मिलिंदनं आंघोळ करून, भांग पाडून परीक्षा घेतली. गल्लीतली चार माणसं बघायला होती. पद्मम्मानं खुर्ची आणली.

पहिली फेरी प्रा. एकटी. तो चालायचा, थांबायचा. ती सांगायची. "उजवीकडं, भिंतीपाशी. मधे. डावीकडं, नळाजवळ." एका जागी आरशातून गेला, तर तिनं मान वळवली आणि म्हणली, "इथं आहात, पप्पा. चहा घेणार का?" लोक हसले. तोही जरा हसला. खिशात हात घालून किल्ली बाहेर काढली.

मग विचारलं, "आधी काय बिघडलं होतं?"

प्रा. म्हणली, "नट ढिला होता."

खोटं नव्हतं ते. तरी तिनं पोटावर हात ठेवला. मी म्हणलं, "आरसा माझ्यावर होता. मी डुलक्या घेते म्हणून."

त्यानं किल्ली परत खिशात टाकली. मग म्हणला, "बस माय, मागं."

बसले. साडी सावरून, पाय डावीकडं, हेल्मेट घालून. आरसे गुलाबी रेघेवर. तो मागून फिरत आला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. मी डावीकडंच तोंड करून बसलेली, म्हणजे आम्ही दोघं समोरासमोर. प्रा.नं आरशात बघितलं. मान वळवली. मधे माझं हेल्मेट.

"पप्पा? पुढं गेलात का?"

मिलिंदनं माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. लहानपणी लपाछपीत ठेवायचा तसं. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. परीक्षा म्हणजे परीक्षा.

"आज्जी, कुठाय गं ते?"

मी गप्प.

मिलिंदनं किल्ली प्रा.ला दिली, तिच्या एकटीपुरती. मला म्हणला, "तू बसनं जा, माय. नाहीतर रिक्षानं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

प्रा. म्हणली, आज्जी सांगेल ना मला, तिला सगळं दिसतं. तो म्हणला, त्या दिवशीही दिसत होतं तिला.

बरोबर आहे ते. शांताला फोन केला, आज येत नाही म्हणलं. ती म्हणली, वांगी चिरून ठेवली होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रा. गाडीनं जाते-येते. लाल रेघ. येऊन सांगते, आज डावीकडं एक ऑटो सापडला, मान वळवल्यावर. जसं काही रस्त्यात रुपया सापडला.

मी रिक्षा विचारून आले. जाईन. पण रिक्षात गप्पा कुणाशी मारायच्या, त्याचं त्याचं गाणं चालू असतं.

विचार केला. अडचण माझी नाही, माझ्या बसण्याची आहे. एका बाजूनं बसले की डोकं डावीकडं येतं. दोन्हीकडं पाय टाकून बसले तर डोकं बरोबर तिच्या डोक्यामागं. आणि पायही बाहेर लोंबणार नाहीत. सुनीताला विचारलं, तुझा एखादा पंजाबी ड्रेस मला होईल का. ती भाकरी थापत होती, थांबली.

"आत्याबाई, तुम्ही?"

"का, मला पाय नाहीत?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

ड्रेस झाला. काखेत जरा घट्ट आहे. जांभळा, वर बारीक फुलं. सदुसष्ट वर्षांत साडीशिवाय घराबाहेर गेले नव्हते, लहानपणच्या परकराचं सोडून. आरशात बघितलं, कपाटाच्या. कुणीतरी दुसरीच बाई, बँकेतून रिटायर झालेली वाटते. बरी वाटते.

पाय पलीकडं टाकायलाच दहा मिनिटं गेली. प्रा.नं गाडी दगडी पायरीला लावली, मी पायरीवरून चढले. गुडघा कुरकुरला. बसल्यावर मात्र लई ऐसपैस. पुरुष उगाच नाही असे बसत.

शांताला फोनवर सांगितलं. म्हणली फोटो पाठव, मग म्हणली नको, तशीच ये, मला बघायचंय.

मिलिंदला प्रा.नं सांगितलं, उद्या सकाळी परत फिरा. तो पेपर वाचत होता. हो म्हणला नाही, नाही म्हणला नाही. पेपरही उलटला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. खाली गाडीवर बसूनच लिहितेय, डायरी प्रा.च्या पाठीवर टेकवून. ती म्हणते हलू नको, गुदगुल्या होतात. आरसे गुलाबी रेघेवर. मी वाकून दोन्हीत बघितलं, एकातही मी नाही. डावीकडं गल्ली, नळ, पद्मम्मा आणि तिची खुर्ची. उजवीकडं भिंत. चष्मा आता अंदाजानंच नीट करायचा.

मिलिंद आत्ताच खाली आला. माझ्या ड्रेसकडं बघितलं. मला वाटलं काही म्हणेल. म्हणला, "ओढणी गाठ मारून घे, चाकात जाईल."

मारली.

प्रा.नं हेल्मेट घातलं, समोर बघितलं. "आज्जी, आहेस ना?"

"आहे."

"बोलत राहा गाडीवर. गप्प झालीस की मी थांबणार."

एवढीच अट. ती मला जमेल. तो आता मागं गेलाय, पावलं ऐकू येतायत. आज मीही समोरच बघायचं ठरवलंय, त्यामुळं कुठवर आला ते मला दिसत नाही. प्रा.ची पाठ हलली, मान वळली, आणि ती म्हणली, "डावीकडं, नळाजवळ, पप्पा."