मीनलच्या नावाचं पाकीट

२२ ऑक्टो. ९६, मंगळवार. होस्टेल, जळगाव

सेमिनारचे विषय वाटले. ‘कॅन्सरची गाठ शरीराच्या पहाऱ्यातून कशी निसटते’ हा मी मागितला होता. जूनमध्येच, सगळ्यांच्या आधी. सरांनी तो मीनलला दिला. मला लसींचा इतिहास. म्हणाले, “मंदा, तुझं पाठांतर पक्कं आहे, सनावळ्या तुला जमतील.”

पाठांतर.

जानेवारीत मुंबईहून मोठे सर सेमिनार ऐकायला येणार. वर्गातल्या एकाला वर्षभर स्वतःच्या प्रयोगशाळेत नेणार. जागा एकच. एम.एस्सी. भाग एकला मी पहिली, मीनल चौथी. पण तिचे वडील डॉक्टर, घर म्हणजे मेहरूणचा बंगला, आणि इंग्रजी बोलताना तिला मनात आधी वाक्य जुळवावं लागत नाही.

वर आणखी हे: “मीनलची कार्डं तू लिहून दे, तुझं अक्षर चांगलं.” परदेशातल्या लेखकांना कार्ड टाकायचं, आपल्या लेखाची एक प्रत पाठवा म्हणून. इथल्या लायब्ररीत ती मासिकं येत नाहीत, सगळे असंच मागवतात. अकरा कार्डं लिहिली. तिच्यासाठी. माझ्या विषयाची.

१४ नोव्हें. नरडाणा

सुट्टीत घरी. माझे वडील, आबा, रेल्वेत तिकीट तपासतात; सध्या दिवसपाळी. जेवताना म्हणाले, “बठ्ठा गाव इचारस, मंदी डॉक्टर कव्हय व्हई.” मी सांगितलं, तशी डॉक्टर नाही आबा, संशोधन. “म्हंजे काय शे ते?”

मी म्हटलं, अंगातल्या प्रत्येक पेशीला आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर लटकवून दाखवावे लागतात. तिकीट दाखवावं तसं. पांढऱ्या पेशी ते तपासत फिरतात. बिघडलेली सापडली की मारतात.

“आन् कॅन्सरवाली?”

“ती तिकीटच दाखवत नाही.”

आबा हसले. म्हणाले, असे रोज दहा पाहतो, भुसावळला उतरायच्या आधी संडासात जाऊन बसतात.

आबांना दोन मिनिटांत कळलं. आणि मी सनावळ्या सांगायच्या.

२० डिसें. शुक्र.

पाकीट आलं. मीनल दोन आठवडे धुळ्याला, आत्याकडे. आत्या आजारी असते, एवढंच माहीत. डिपार्टमेंटचे शिपाई नाना मला म्हणाले, “मीनलताईनं शे, तिले दी देजो.” मी हो म्हटलं.

तिचे आधीचे तीन लेख आले तेव्हा लगेच दिले होते. हा चौथा. आठवड्यातून दोनदा विचारते तो हाच, पाठवणाऱ्याच्या नावावरून कळलं. खोलीवर येऊन फोडला. नुसता वाचून परत चिकटवीन म्हटलं.

२२ डिसें.

दोनदा वाचला. डिक्शनरी घेऊन.

तिकीट, म्हणजे अंगावरची खूण, टाकून दिलेल्या पेशीला पहिल्या पहारेकरी पेशी ओळखत नाहीत. पण दुसऱ्या जातीच्या पेशी असतात, त्या नेमक्या बिनखुणेच्यांनाच मारतात. म्हणजे गाठीला दोन्हीकडून मरण. तरी काही गाठी वाचतात, कारण सगळ्या खुणा टाकत नाहीत. जी खूण गोत्यात आणते तेवढीच टाकतात, बाकीच्या ठेवतात. दोन्ही पहारे फसतात.

किती सुंदर आहे हे. कोणाला तरी सांगावंसं वाटतंय. सांगणार कोणाला.

पाकीट ट्रंकेत, कपड्यांखाली.

२ जाने. ९७

मीनल आली. चेहरा उतरलेला, तरी सगळ्यांना ती छानच दिसते. “मंदे, माझं काही आलं का गं?”

“नाही.”

“मेलं हे पोस्ट. तुझं अक्षर इतकं छान, तरी पाठवत नाही तो म्हातारा.” मग डब्यातलं भरीत निम्मं माझ्या ताटात वाढलं. मी खाल्लं. चव चांगली होती, त्याचाही राग आला.

११ जाने. शनि.

सेमिनार. मी सनावळ्या बिनचूक म्हटल्या. मुंबईचे सर वहीत काही लिहीत नव्हते.

मीनलच्या वेळी पेन हातात. अर्ध्यात त्यांनी विचारलं, खूण टाकणारी पेशी दुसऱ्या पेशींना सापडते, मग गाठ वाढते कशी? मीनल फळ्याजवळ उभी. म्हणाली, “माहीत नाही, सर. यावर एक लेख मागवला होता, तो आला नाही.”

माझा हात वर गेला. गेला म्हणजे मीच केला. उभी राहून सगळं सांगितलं, मराठी-इंग्रजी मिसळून, न अडखळता. सरांनी नाव विचारलं. वहीत लिहिलं.

मीनलने टाळी वाजवली. एकटीने, आधी.

१४ जाने.

माझं नाव लागलं. फॉर्म भरून सोमवारी वीस तारखेला इथल्या सरांकडे द्यायचा.

मीनल खोलीवर आली, तिळगूळ घेऊन. मला वाटलं आता विचारेल, कुठे वाचलंस. विचारलं नाही, आली होती वेगळ्या कारणाने. आत्याला किडनीचा कॅन्सर आहे. फुप्फुसात गाठी. मुंबईहून इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणतात. त्यांनी पेशी खुणा जास्त दाखवायला लागतात, मग पहारेकऱ्यांना सापडतात. उन्हाळ्यात गाठी बारीक झाल्या. दिवाळीनंतर एक वाढायला लागली. एकच.

“बाकीच्या गेल्या, मग हीच का नाही, एवढंच मला हवं होतं. त्या लेखात असेल असं वाटत होतं. तू येशील का शनिवारी धुळ्याला? तू समजावून सांगतेस छान. मी सांगायला लागले की रडते.”

मला वाटत होतं तिलाही जागाच हवी आहे.

लाज वाटायला हवी होती. आधी हेवा वाटला, खरं लिहिते. तिच्याकडे वाचायला कारणसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं.

१९ जाने. रवि. होस्टेल

काल धुळ्याला गेलो. आत्या शाळेत हेडमास्तरीण होत्या. खूप बारीक झाल्यात, आवाज तेवढा वर्गातला. “बस मंदा. मीनल म्हणते तू हुशार. हुशार माणसाने गोल गोल बोलायचं नाही. सांग, ती एक का ऐकत नाही?”

सांगितलं. इंजेक्शन खुणा वाढवतं, पण एखाद्या पेशीची ती नेमकी खूण करण्याची सोयच मोडलेली असेल तर ते वाढवणार काय? बाकीच्या मरतात, ती उरते, तिचीच मुलंबाळं होतात.

आत्या म्हणाल्या, “म्हणजे औषध चुकलं नाही.”

“नाही. औषधाने केलं ते खरंच केलं.”

“हे तू कुठे वाचलंस?”

मीनल दारात होती, चहाचा ट्रे घेऊन. मी पिशवीतून पाकीट काढलं. आणायचं ठरवलं नव्हतं, पण सकाळी पिशवीत घातलं होतं. म्हटलं, “मीनलचं आहे. वीस डिसेंबरला आलं. मी दिलं नाही.”

आत्यांनी चष्मा काढला. मीनलने ट्रे ठेवला, पाकीट घेतलं आणि ओट्यावर जाऊन वाचत बसली. चहावर साय धरली. आत्यांनी मला घे म्हटलं नाही.

पाऊण तासाने मीनल आत आली. डोळे लाल. मला वाटलं आता बोलेल. म्हणाली, “उरलेली पेशी आधीपासूनच तशी होती, की औषध सुरू झाल्यावर झाली? आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचा गाठीचा तुकडा मेणात ठेवलेला असेल हॉस्पिटलात. काढून बघता येईल. आधीच तशी असेल, तर पुढच्या माणसाला इंजेक्शन द्यायच्या आधीच कळेल.”

महिनाभर लेख माझ्याकडे होता. पाठ आहे. हे मला सुचलं नाही.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली, मी शेजारी. पारोळं मागे पडलं. मग बाहेरच बघत म्हणाली, “सरांना तू सांगणार की मी सांगू?”

मी म्हटलं, मी सांगते. सोमवारी.

“सांगशील?”

फॉर्म समोर आहे. नाव, गाव, जन्मतारीख भरून झालं. ‘संशोधनासाठी आपला प्रश्न पाच ओळींत लिहा’ ही जागा कोरी आहे. डोक्यात एकच प्रश्न येतोय, आणि तो तिचा आहे.