सोल्वेगआत्यांच्या कोठीघरातील दोन मोडेम

लिंडाल, मिनेसोटा
१२ मार्च १९९१

तीर्थस्वरूप सोल्वेगआत्यांस मार्गिटचा सविनय नमस्कार. आपल्या गुडघ्याची सूज उतरली असावी आणि बर्फ काढायला आपण स्वतः फावडे घेऊन बाहेर पडत नसाल, अशी आशा करते (पडत असाल, हे मला ठाऊक आहे).

आभार मानायचे तर उपकार क्रमाने मांडले पाहिजेत, म्हणून आपणांस ठाऊक असलेलेच लिहिते. लिंडालहून शहरातल्या विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावणे म्हणजे ट्रंककॉल, आणि रोज दोन तासांचा ट्रंककॉल बाबांना परवडणारा नव्हता. पण लिंडालहून आपले ऑस्बी स्थानिक, आणि ऑस्बीहून शहरही स्थानिक. शिवाय काकांच्या बियाण्यांच्या दुकानाची दुसरी लाइन आपण त्यांच्या पश्चातही ठेवली होती. तेव्हा आपल्या कोठीघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे, मी दोन मोडेम पाठीला पाठ लावून बसवले : एकाने माझे ऐकायचे, दुसऱ्याने ते शहराला सांगायचे. घरबसल्या प्रवेशवर्ग पुरा करण्याचा दुसरा मार्ग मला नव्हता (वर्गात जाऊन हात वर करण्यापेक्षा मी अडाणी राहणे पत्करले असते).

मग फेब्रुवारीत आपल्या ऑस्बीचे हालवर आजोबा वारले. चर्चच्या बायकांची फोनसाखळी, जिच्यात प्रत्येकीने पुढचीला कळवायचे, ती चौथ्या कडीला, म्हणजे आपल्यापाशी, अडली. कारण आपल्या दोन्ही लाइनींवर माझा संख्याशास्त्राचा स्वाध्याय चालला होता. अंत्यविधीची वेळ सर्वांना ठाऊक होती. साखळीतला निरोप एवढाच होता की, मागच्या खेपेला अंत्यविधीच्या जेवणात जेली फार झाली, या वेळी गरम पदार्थ आणा. पुढच्या अकरा जणींनी किसलेले गाजर घातलेली हिरवी जेली आणली. उणे वीस अंशांतून आलेली माणसे ती मुकाट्याने खात होती. साखळीतल्या टॉलेफसनबाई म्हणाल्या, "सोल्वेग, तुझ्या भाचीच्या यंत्रानं भर थंडीत जेली चारली बघ आम्हांला." मी मेजाखाली शिरण्याच्या विचारात होते. आपण वाटी पुढे केलीत. "मग वाढ की आणखी. पोरीची परीक्षा तोंडावर आली आहे, यंत्र हलायचं नाही. मला साखळीच्या शेवटी टाका, म्हणजे माझ्यापुढे कुणाचं अडायचं नाही."

आत्या, ऑस्बीत कोण आजारी, कोणाचे लग्न ठरले, हे चौथ्या क्रमांकाने ऐकण्याचा एकवीस वर्षांचा मान आपण माझ्या संख्याशास्त्रासाठी सोडलात. हालवर आजींच्या पणतीचा बाप्तिस्मा आपणांस तो झाल्यावर कळला, असे बाबा म्हणाले. परीक्षेत मी पहिली आले आहे. त्याचे श्रेय कोणाकडे जाते, हे मला चारचौघांत उभे राहून सांगता आले असते तर सांगितले असते; ते जमत नाही, म्हणून लिहिले.

आपली ऋणाईत भाची,
मार्गिट

ता. क. शिष्यवृत्ती देण्यापूर्वी प्राध्यापक लुंडक्विस्ट यांना माझ्याशी फोनवर, तोंडाने, बोलायचे आहे. गुरुवारी चार वाजता; निकालही ते तेव्हाच सांगणार आहेत. मी त्यांना आपला क्रमांक दिला आहे. त्यांनी एका फोनवर आपणांस विचारावे, आपण दुसऱ्यावर मला विचारावे, आणि मी सांगेन ते त्यांना सांगावे. तेवढा वेळ मोडेम काढून ठेवावेत, मध्ये आपण बसावे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना लक्षात आले की शिष्यवृत्ती मिळाली की नाही, हे आपणांस सर्वांआधी कळेल, माझ्याही आधी. मला सांगण्यापूर्वी टॉलेफसनबाईंना फोन केलात तरी चालेल. मी थांबेन.