कोरड्या हातांच्या सह्या

१४ मार्च

दादा,

तुझे पत्र पोचले. आईचा गुडघा तसाच आहे, पण जिने चढणे तिने सोडलेले नाही. डायव्हिंग उपकरणांच्या वर्कशॉपमधले माझे काम चालू आहे. खुशाली एवढीच.

तू लिहिलेस की धाकटीने तुझ्याकडे शनिवारी सुरू होणाऱ्या खोल डायव्हिंगच्या पुढच्या कोर्ससाठी नाव दिले आहे आणि पैसे भरण्याआधी तिला माझे मत हवे आहे. 'तुझा शब्द ती मोडत नाही, चार ओळी चांगल्या लिही,' असेही लिहिलेस. चार ओळींत मावणार नाही.

पुढचे सर्टिफिकेट घेण्यात अर्थ आहे का? आहे. खोल पाण्यात डोके कसे मंद होते, हवा किती झपाट्याने संपते, हे जाणत्या माणसाच्या नजरेखाली एकदा अनुभवलेले बरे. कोर्सला मी नावे ठेवत नाही. कोर्सनंतर तुझ्या सहीवर मिळणाऱ्या कार्डाला ठेवते.

तुझ्या बोटीवरची रीत मला पाठ आहे. पाण्यात उतरण्याआधीच सगळ्यांच्या नोंदवहीत खोली, वेळ आणि तुझी सही होऊन जाते. कारण काय, तर ओल्या हातांनी शाई पसरते. माझ्या कोर्सच्या त्या सकाळी माझ्या वहीत 'तीस मीटर, बावीस मिनिटे, उत्तम' असे तू लिहिलेस तेव्हा माझा सूटही चढवून झाला नव्हता. सतरा मीटरवर माझा कान असा ठणकला की मी वर आले. तू बोटीतून हात दिलास आणि हसलास. पुन्हा उतरायचे का, असे मी विचारले, तर म्हणालास, "अगं, कार्डावर खोली थोडीच छापतात?"

आईने ते कार्ड शेजारणीला दाखवले. मीही काही बोलले नाही. दोष सगळा तुझ्या पदरात घालून मोकळे होता आले असते तर हे पत्र मी पूर्वीच लिहिले असते.

ते कार्ड पाहूनच वर्कशॉपच्या मालकांनी मला दुरुस्त केलेली उपकरणे खोल पाण्यात तपासायचे काम दिले. गेल्या नोव्हेंबरात अठ्ठावीस मीटरवर मी हवेचा काटा तीनदा वाचला. आकडा दिसत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता, आणि त्याचे मला काही वाटतही नव्हते. उलट मजा वाटत होती. जोडीदाराने दंडाला धरून वर आणले. वर आल्यावर अहवालात मी लिहिले: 'काटा सदोष.'

काटा सदोष नव्हता. तो बसवणाऱ्या म्हाताऱ्या फिटरने माझ्यासमोर दोनदा तपासून दाखवला. तरी मालकांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला, कारण मी कार्डवाली. फिटरला काढले. जाताना त्यांनी आपले पाने कापडात गुंडाळले आणि मला एवढेच म्हणाले, "बाई, काटा बरोबर होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

काल हे सारे धाकटीला सांगितले. ती आधी तुझीच बाजू घेत होती. दादा निष्काळजी असेल, पण वाईट नाही म्हणे. नंतर म्हणाली, "त्याचं सोड. तू मला शनिवारी जाऊ देणार होतीस का?"

तुझे पत्र येऊन तेव्हा आठ दिवस झाले होते.

म्हणून आज सकाळी मालकांना खरा अहवाल दिला. फिटरना परत बोलावतील असे म्हणाले. माझे काय ते सोमवारी सांगतील. कार्ड देणाऱ्या कार्यालयाला माझे कार्ड, वहीतले ते पान आणि घडले तसे निवेदन रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहे. त्यात तुझ्या सकाळच्या सह्यांची रीत आहे. तुझ्याकडे विचारणा होईल तेव्हा शाईचे कारण सांगू नकोस. पाण्याखाली प्रत्येक डायव्हरच्या पाटीला पेन्सिल बांधलेली असते आणि ती ओल्या हाताने उमटते, हे मला तूच शिकवलेस.

धाकटी शनिवारी येणार नाही. कोर्स ती करणार आहे, दुसरीकडे. आईला मी अजून काही सांगितलेले नाही. ते तू सांगायचे आहेस.

तुझी बहीण
प्रत्यक्ष खोली: सतरा मीटर