मोठ्या बाई बोलणार नाहीत

शनिवार, ७ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. आई तुझ्या घशासाठी रोज नवं पथ्य सांगते. ती सगळी मी तुला कळवत नाही, कारण मला तुझी दया येते.

तुझा नववीचा विज्ञानाचा तास माझ्या गळ्यात पडलाय. मी भाषा शिकवणारी, विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तू शाळेच्या संगणकांवर ठेवून गेलेलं ते सर्किट जोडायचं सॉफ्टवेअर मुलांना उघडून दिलं आणि देवाचं नाव घेऊन गप्प बसले.

काय अफलातून चीज शोधलीस गं! मुलं पडद्यावर वायरी ओढून दिवे लावत होती. कुणीतरी बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना जोडली, तर पडद्यावरची बॅटरी पेटलीच! झालं. मग अख्ख्या वर्गाने नुसत्या बॅटऱ्या जाळल्या. प्रयोगशाळेत आपण "हात लावू नका" म्हणून कोकलतो, इथे चुकायला मोकळं रान. मी ओरडणारच होते, पण ओरडून पुढे सांगणार काय, कपाळ?

हसणं हळूहळू ओसरलं. मग आपली ती गोगलगाय, हजेरीपलीकडे कधी तोंड न उघडणारी, शेजारणीला म्हणाली, "मध्ये दिवा असला की पेटत नाही. का गं?" दोघींनी एकापुढे एक दिवे जोडले, उजेड मंद होत गेला. आणखी मुलं जमली आणि चक्क विजेवरून भांडण जुंपलं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, "बाई, खऱ्या बॅटरीचंही असंच होतं?"

तो प्रश्न मी तुझ्यासाठी फळ्यावर लिहून ठेवला.

आता मघापासून टाळतेय ते लिहिते. तू राजीनामा देणार आहेस, असं मुख्याध्यापकांकडून कळलं. "आवाज गेला, आता कसली शिक्षिका," असं म्हणे तू त्यांना लिहिलंस. आधी रडू आलं, मग तुझा रागच आला. अगं, त्या तासाला मी जवळजवळ काहीच बोलले नाही, आणि इतका चांगला तास मी उभ्या जन्मात घेतलेला नाही. फक्त त्या प्रश्नापाशी तू हवी होतीस. खडू धरायला घसा लागत नाही, ताई.

सोमवारी ये. मुलांना मी स्पष्ट सांगितलंय, मोठ्या बाई आल्या तरी बोलणार नाहीत.

गोगलगायच म्हणाली, "चालेल की. आम्ही बोलू."

तुझ्या खुर्चीवर तात्पुरतीच बसलेली,
तुझी धाकटी